जखमेचे मोल : गिरणगावातील नुकसानभरपाईची पूर्वपीठिका

दुसऱ्याच्या हातून, अथवा दुसऱ्याच्या कामावर असता, मनुष्याच्या शरीरास गंभीर इजा झाली म्हणजे वैद्य येऊन गेल्यानंतर त्या घरात जे प्रश्न उभे राहतात ते संख्येने थोडे आणि वयाने फार जुने आहेत : या इजेचा जबाबदार कोण, त्याने द्यावयाचे ते किती, जखमी दगावलाच तर ते पडावयाचे कोणाच्या पदरात, आणि ही सारी दाद मागावयाची कोणाकडे व किती मुदतीच्या आत. प्रत्येक राजवटीने या प्रश्नांना आपापल्या समजुतीप्रमाणे उत्तरे दिली आहेत. परंतु मुंबईच्या कापडगिरण्यांनी ते ज्या निकडीने विचारावयास लावले तशी निकड महाराष्ट्राच्या इतिहासात पूर्वी कधी उत्पन्न झालेली नव्हती, आणि म्हणूनच त्यांच्या उत्तरांचा इतिहास हा बव्हंशी परळ, लालबाग आणि भायखळा या वस्त्यांचा इतिहास आहे.

आपल्या धर्मशास्त्राने या विषयाकडे दुर्लक्ष केले होते असे नाही. मनु आणि याज्ञवल्क्य या दोघांनीही परक्याचे अंग दुखावणाऱ्यावर राजदंडाखेरीज जखमीच्या औषधोपचाराचा भार टाकलेला आहे. जखमी पूर्ववत उठून उभा राहीपर्यंत जो खर्च येईल तो ‘समुत्थानव्यय’ अपराध्याने सोसावा असा तो नियम असून, याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा महाराष्ट्रात प्रमाण मानली गेल्यामुळे तो येथील पंडितांना चांगलाच परिचित होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तर वाहनाच्या अपघाताचे प्रकरण स्वतंत्रपणे चर्चिलेले आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस दुभंगला, किंवा सारथ्याने ‘बाजूला व्हा’ असे ओरडून सांगितले असताही अपघात घडला, तर दंड नाही. मात्र सारथ्याच्या अडाणीपणामुळे गाडी भलत्या वाटेला गेली तर दंड गाडीच्या धन्याला, आणि सारथी कुशल असून त्याने हयगय केली तर तो सारथ्याला. अकुशल माणूस कामावर ठेवणाराच त्याच्या प्रमादाचा धनी, हे तत्त्व येथे इतक्या स्वच्छपणे मांडलेले आहे की आजच्या मोटार अपघाताच्या दाव्यातही ते परके वाटणार नाही. तथापि या व्यवस्थेला दोन मोठी व्यंगे होती. एक तर दंडाचे प्रमाण जखमेइतकेच उभय पक्षांच्या वर्णावर अवलंबून असे, आणि दुसरे म्हणजे दंडाची रक्कम राजाच्या खजिन्यात जात असे. जखमीच्या वाट्याला फार तर औषधाचा खर्च येई, त्याच्या बुडालेल्या मजुरीचा किंवा जन्माच्या अपंगत्वाचा हिशेब कोणी मांडीत नसे.

तो हिशेब मांडल्याचे एक ठळक उदाहरण मराठी वाचकाला सभासदाच्या बखरीत सापडते. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या या बखरीत, अफजलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजी महाराजांनी आपल्या लोकांची कशी व्यवस्था लावली ते नमूद आहे : जे पडले त्यांचे मुलगे होते तेथे त्यांचे पुढे चालविले, मुलगा नसेल तेथे विधवेस निम्मे वेतन करून दिले, आणि जे जखमी झाले त्यांना जखम पाहून पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे होन दिले. पेशवाईतही लढाईत पडलेल्यांच्या मुलाबाळांना ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणुका करून दिल्याचे दाखले दप्तरात आढळतात. जखमेच्या मानाने रक्कम आणि मृताच्या कुटुंबास निम्मे वेतन, ही दोन्ही सूत्रे त्यात स्पष्ट आहेत. उणीव एवढीच की तो धन्याचा प्रसाद होता, चाकराचा हक्क नव्हे. धनी उदार असेपर्यंत ही व्यवस्था उत्तम चाले, आणि तो तसा नसेल तेव्हा तिची आठवण करून देण्यास कोणतेही न्यायासन नव्हते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे उभारण्यास घेतलेली गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, आणि पुढील तीस वर्षांत मुंबईच्या उत्तर भागात धुराड्यांचे रान माजले. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून आलेला कुणबी, ज्याने विळा-कोयत्याच्या जखमेपलीकडे दुसरी इजा पाहिलेली नव्हती, तो एकाएकी अशा कारखान्यात येऊन उभा राहिला की जेथे एका वाफेच्या एंजिनावर सारे खाते फिरे, छताखालच्या लाटेवरून खाली आलेले चामड्याचे पट्टे दिवसभर सळसळत असत, आणि धोतराचा सोगा किंवा बंडीची बाही त्या पट्ट्यात सापडली तर एंजिन थांबविण्याइतका अवकाश कोणालाच मिळत नसे. कार्डिंगमधील दातेरी रूळ बोटे नेत, दात्यांची चाके पंजा नेत, आणि साळखात्यात मागावरून उसळून निघालेला धोटा शेजारच्या मागवाल्याचा डोळा फोडी. अशा प्रसंगी जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, जागेवर दुसरा बदली उभा करी, जखमीला इस्पितळात पोहोचविले जाई, भरलेल्या दिवसांचा पगार हातावर ठेवला जाई, आणि यथावकाश तो इसम बोटीने कोकणात परत जाई. मालक सहृदय असला तर वर पाच-पंचवीस रुपये मिळत. त्यांना बक्षीस म्हणत.

कायदा त्या वेळी मुळीच नव्हता असे म्हणता येणार नाही. दुसऱ्याच्या गैरकृत्याने वा हयगयीने मृत्यू आल्यास मृताच्या पत्नीस, पतीस, आईबापांस व मुलांस नुकसानीचा दावा आणण्याची मुभा देणारा अधिनियम हिंदुस्थान सरकारने १८५५ सालीच, इंग्लंडातील १८४६ च्या कायद्याच्या धर्तीवर, मंजूर केलेला होता. परंतु त्या दाव्यात हयगय शाबीत करण्याचा भार वादीवर. साक्षीदार म्हटले तर त्याच खात्यातले, जॉबरच्या मर्जीवर पोट भरणारे कामगार. वर स्टँप, वकिलाची फी आणि तारखांवर तारखा. शिवाय इंग्रजी न्यायालयांनी मालकाच्या बचावासाठी तीन भक्कम तट उभारलेले होते. कामगाराची स्वतःची थोडीही चूक असली तर दावा बुडाला. धोका माहीत असून त्याने काम पत्करले असले तरी दावा बुडाला. आणि इजा सहकामगाराच्या चुकीने झालेली असली तरीही दावा बुडालाच. या तिसऱ्या तत्त्वाचा उगम १८३७ सालच्या एका इंग्लिश खटल्यात आहे. एका खाटकाच्या चाकराची मांडी, त्याला ज्या गाडीवर धाडले होते ती अतिभाराने मोडल्यामुळे, मोडली. पंचांनी त्याला शंभर पौंड देववले. पण लॉर्ड अॅबिंजर यांनी असा विचार मांडला की हे मान्य केले तर उद्या ओलसर अंथरुणासाठी चाकर धन्यावर दावा लावतील. हजारो माणसे ज्या कारखान्यात एकमेकांना न ओळखता राबत होती, तेथे घरगुती चाकरीतून काढलेला हा नियम लागू करणे म्हणजे गिरणीतील जवळजवळ प्रत्येक अपघात ‘सहकामगाराची चूक’ या सदराखाली घालून मालकाला मोकळे करणेच होते.

या पार्श्वभूमीवर १८८४ साली परळ येथे जी घटना घडली तिचे महत्त्व आजही पुरेसे ओळखले गेलेले नाही. गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेले, महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे चालक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर महिन्यात गिरणीकामगारांची सभा भरविली, आणि तेथे संमत झालेला, सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज मुंबई सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्या अर्जातील रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे, कारण १८९० साली ती पदरात पडली. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, या मागण्याही प्रसिद्ध आहेत. पाचवी मागणी मात्र इतिहासकार एका ओळीत आटोपतात. कामावर असता इजा होऊन कामगार तात्पुरता निकामी झाला तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या उपजीविकेची योग्य तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती. तीत हयगय कोणाची हा प्रश्नच नाही. चूक शोधण्याऐवजी काम कोणाचे एवढेच पाहावे असे ती सांगते. योगायोग असा की त्याच वर्षी जर्मनीत बिस्मार्कने कामगारांच्या अपघातविम्याचा कायदा केला. इंग्लंडला तेथवर पोहोचण्यास १८९७ साल उजाडावे लागले. ज्यांतील बहुतेकांना आपले नाव लिहिता येत नव्हते अशा माणसांनी परळमध्ये मागितलेले तत्त्व विलायतेच्या पार्लमेंटपेक्षा तेरा वर्षे पुढे होते.

मुंबईत मात्र ही मागणी एकोणचाळीस वर्षे पडून राहिली. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कठडे घालणे व अपघाताची खबर देणे मालकावर बंधनकारक केले होते. १८९१ आणि १९११ च्या कायद्यांनी मुलांचे वय, स्त्रियांचे तास व पुढे पुरुषांचेही तास नियमित केले. पण अपघात टाळण्याची सक्ती करणारे हे कायदे अपघात झाल्यानंतर जखमीला एक कपर्दिकही देववीत नव्हते. लोखंडे १८९७ च्या प्लेगात, फेब्रुवारी महिन्यात, निवर्तले. पहिल्या महायुद्धानंतरची महागाई, मुंबईतील सार्वत्रिक संप, १९१९ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना आणि १९२० मध्ये मुंबईतच भरलेले ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन, या सर्वांच्या एकत्रित दडपणाने सरकार हलले. १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन करणारे नारायण मल्हार जोशी या सुमारास मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी होते. मार्च १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा अधिनियम (१९२३ चा आठवा) मंजूर झाला, आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला.

या कायद्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलून टाकले. ‘चूक कोणाची’ याऐवजी ‘इजा कामातून आणि कामाच्या ओघात झाली काय’ एवढेच पाहावयाचे ठरले. दारूच्या अमलात असणे, सुरक्षिततेचा नियम बुद्धिपुरस्सर मोडणे, यंत्राचा कठडा जाणूनबुजून काढणे, एवढ्याच सबबी मालकाला उरल्या, आणि १९३३ च्या दुरुस्तीनंतर कामगार मृत्यू पावला असेल तेथे त्याही चालेनाशा झाल्या.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका परिशिष्टात होते, आणि ते वाचताना आजही मन विषण्ण होते. उजवा हात कोपरातून वा त्याच्या वर गेला तर कमाईची शक्ती शेकडा ७० घटली; डावा गेला तर ६०; पाय गुडघ्यातून किंवा वर गेला तर ६०; दोन्ही कानांची श्रवणशक्ती गेली तर ५०; एक डोळा ३०; अंगठा २५; तर्जनी १०; इतर कोणतेही बोट ५. पूर्ण व कायमच्या अपंगत्वास बेचाळीस महिन्यांचा पगार, फार तर साडेतीन हजार रुपये. मृत्यूस तीस महिन्यांचा पगार, फार तर अडीच हजार. महिना तीस रुपये मिळविणाऱ्या मागवाल्याचा हिशेब मांडून पाहिला म्हणजे कायद्याचा अर्थ उघड होतो. त्याचा उजवा हात गेला तर ८८२ रुपये, डोळा फुटला तर ३७८, तर्जनी तुटली तर १२६, करंगळी गेली तर ६३. तो कायमचा निकामी झाला तर १,२६० रुपये, आणि जीवच गेला तर ९००. पंधरा वर्षांच्या आतील मूल यंत्रात सापडून मेले तर त्याचा पगार काहीही असो, रक्कम ठरलेली होती : दोनशे रुपये. तात्पुरत्या दुखापतीस पहिले दहा दिवस काहीच नाही, आणि त्यानंतर निम्मा पगार. लोखंड्यांच्या अर्जात बरे होईपर्यंत पूर्ण पगार मागितलेला होता हे येथे आठवले म्हणजे एकोणचाळीस वर्षांनी जे हाती आले ते मागणीच्या अर्धेही नव्हते असेच म्हणावे लागते.

तथापि तिसऱ्या प्रश्नाच्या बाबतीत, म्हणजे पैसा पडावयाचा कोणाच्या पदरात या बाबतीत, कायदा करणाऱ्यांनी दाखविलेले व्यवहारज्ञान मनापासून वाखाणण्यासारखे आहे. १८५५ च्या कायद्यात भावाबहिणींना स्थान नव्हते. नव्या कायद्याने अज्ञान भाऊ, अविवाहित बहीण, मृत मुलाची मुले यांनाही आश्रितांत गणले, आणि ज्या कोकणी कुटुंबांत मुंबईतील एका कमावत्यावर गावाकडची पाच-सात तोंडे अवलंबून असत त्यांच्या दृष्टीने हा फरक मोठा होता. मृत्यूची रक्कम मालकाने विधवेच्या हातात परस्पर न देता, दाद ऐकण्यासाठी या कायद्याखाली नेमलेल्या कमिशनरकडे जमा करावी, आणि कमिशनरने ती वारसांत वाटावी, अज्ञानांची गुंतवून ठेवावी, असे ठरले. त्यामुळे दहाव्याला आलेला दूरचा चुलता ती घेऊन पसार होण्याची वाट बंद झाली. भरपाईच्या रकमेवर जप्ती येणार नाही, ती गहाण टाकता येणार नाही, अशी तरतूद झाली. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात काठी घेऊन उभा राहणारा पठाण आणि चाळीखालचा सावकार या दोघांच्याही हातून ती रक्कम कायद्याने सोडविली. हक्क सोडून दिल्याचा करार, त्याखाली अंगठा उठविलेला असला तरी, रद्दबातल ठरला. कंत्राटदाराच्या माणसाला इजा झाली तरी मुख्य मालकास प्रथम भरपाई देणे भाग पडले. त्याने ती मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावी.

इंग्रजी कायद्यातील त्या जुन्या तटांपैकी सहकामगाराच्या चुकीचा तट पाडण्यास मात्र आणखी काळ जावा लागला. त्यासंबंधीची कलमे १९२२ च्या मूळ विधेयकात होती; ती गाळण्यात आली. १९३७ साली नागपूर उच्च न्यायालयाने, रेल्वेच्या नोकरीत मृत्यू पावलेल्या एका कामगाराच्या विधवेच्या दाव्यात, हे तत्त्व न्याय, समता व सद्विवेक यांच्या कसोटीस उतरत नाही असे म्हणून ते नाकारले. पुढच्याच वर्षी स्वतंत्र अधिनियम झाला, आणि प्रिव्ही कौन्सिलने लावलेल्या अर्थामुळे त्यात जी फट राहिली ती १९५१ च्या दुरुस्तीने बुजविण्यात आली.

‘कामाच्या ओघात’ या शब्दांची व्याप्ती किती, हा वाद मात्र कायद्याबरोबरच जन्मला आणि अद्याप संपलेला नाही. मिठागरातून परतणारे मजूर खाडीच्या सार्वजनिक नावेत बुडाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली भरपाई नाकारली. नाव मालकाची नव्हती आणि ती वाट सर्वांचीच होती. याच्या उलट मुंबईच्या बेस्टचा एक ड्रायव्हर १९५७ च्या जुलैत जोगेश्वरीच्या आगारात काम संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला असता अंधेरीनजीक ती बस उभ्या लॉरीवर आदळली, आणि काही दिवसांनी तो मरण पावला. कमिशनरने विधवेचा अर्ज फेटाळला, उच्च न्यायालयाने तो मान्य केला, आणि १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने विधवेच्या बाजूने निर्णय दिला : विखुरलेल्या शहरात ड्रायव्हरांनी वेळेवर कामावर यावे म्हणूनच त्यांना बसमधून फिरण्याची मुभा होती, तेव्हा तो प्रवास कामाचाच भाग ठरतो. आगाराच्या फाटकाबाहेरही मालकाची जबाबदारी पोहोचते हे त्या दिवशी ठरले.

यानंतर व्यवस्था विस्तारत गेली. राज्य विमा योजना १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे आणि १९५४ मध्ये मुंबईत आली, आणि तिच्या कक्षेतील गिरणीकामगारांची भरपाई मालकाकडून विमा महामंडळाकडे गेली. रस्त्यावरील जखमींसाठी मोटार अपघात न्यायाधिकरणांची तरतूद १९५६ च्या दुरुस्तीने झाली. परिशिष्टातील टक्केवारी १९६२ मध्ये सुधारली, उजव्याडाव्याचा भेद नाहीसा झाला, आणि अंगठ्याचे मोल २५ वरून ३० वर चढले. पण परिशिष्टाच्या यांत्रिक हिशेबाला खरा छेद दिला तो एका सुताराच्या प्रकरणाने. चित्रपटगृहात नक्षीकाम करीत असता तो पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. मालकाचे म्हणणे, परिशिष्टाप्रमाणे हे आंशिक अपंगत्व; सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये सांगितले की एका हाताने सुतारकाम होत नाही, सबब या माणसापुरते हे पूर्ण अपंगत्व आहे, आणि भरपाई निकालाच्या दिवसापासून नव्हे तर अपघाताच्या दिवसापासून देय होते. अवयवाचे मोल त्या अवयवावर जगणाऱ्या माणसाच्या धंद्यावरून ठरवावे, हा या निर्णयाचा आशय आहे, आणि ‘उपजीविकेची योग्य तजवीज’ हे परळच्या अर्जातील शब्द न्यायासनाच्या सर्वांत निकट आले ते या ठिकाणी.

माझ्या मते या इतिहासाचा निष्कर्ष कठोर असला तरी स्पष्ट आहे. तत्त्व शोधून काढण्यास आपल्या समाजाला फारसा वेळ लागला नाही. ते शिवकालात आचरणात होते आणि १८८४ साली निरक्षर कामगारांनी ते नेमक्या भाषेत मांडले. वेळ लागला तो ते हक्क म्हणून कबूल करण्यास, आणि कबूल केल्यावरही त्याची किंमत शक्य तितकी खाली ठेवण्यात आली. १९२३ च्या अधिनियमाची कलमे आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाली आहेत, कायद्याच्या नावातील ‘कामगार’ त्यापूर्वीच ‘कर्मचारी’ झाला आहे. पण हक्क ज्याच्यासाठी आहे त्यालाच तो ठाऊक नसणे, ही स्थिती कारखान्यांत आणि बांधकामांवर आजही फारशी पालटलेली नाही. म्हणून वाचकांना एवढीच विनंती की, आपल्या घरातील किंवा ओळखीतील कोणास कामावर असता इजा झाली तर अपघाताची लेखी खबर विलंब न लावता द्यावी. अर्जाची मुदत आरंभी सहा महिने होती, पुढे एक वर्ष झाली आणि १९६२ पासून दोन वर्षे आहे, ती वाटाघाटीत दवडू नये. आणि कचेरीत बोलावून हातावर ठेवलेली रक्कम घेऊन कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो करार सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदविला जाणार आहे काय हे विचारावे, कारण नोंदणी टाळणारा मालक उरलेल्या रकमेतून सुटत नाही.